राणी, लांडगे आणि कालनिर्णय

२०२४ च्या गौरी-गणपतीतली गोष्ट. वेलिंग्टनजवळच्या आमच्या घरी गौरीजेवणाला पंचवीसएक माणसं जमली होती. बाहेर सप्टेंबरमधला आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा तो वारा, आत पुरणपोळ्यांचा वास, आरतीची तबकं तयार. तेवढ्यात आतल्या खोलीतून गुरगुरण्याचा आवाज आला आणि पाठोपाठ मुलाची किंकाळी. धावत जाऊन बघते तर आमचे नऊ वर्षांचे चिरंजीव भिंतीला चिकटून उभे, आणि पलंगाखाली राणी, त्याची डाव्या पायाची लोकरी सपाता पोटाशी घेऊन, सगळे दात दाखवत. चावली नव्हती. पण आणखी वीतभर पुढे गेला असता तर चावली असती, याबद्दल तिथे उभ्या असलेल्या कुणाच्या मनात शंका नव्हती. खोलीचं दार लावून घेतलं, आरती झाली, जेवणंही झाली. पण पाहुण्यांनी आपापली मुलं जवळ धरून ठेवली होती, ते मला दिसत होतं.

राणी ही आमची तेव्हा दोन वर्षांची कुत्री. हंटअवे आणि लॅब्रॅडॉर यांचं मिश्रण, वायरारापातल्या एका शेतावरून चार महिन्यांची असताना आणलेली. (कुत्री हा शब्द छापील मजकुरात जरा खटकतो, हे मला ठाऊक आहे. मराठीत कुत्रा देवाच्या पायाशी बसतो, दत्तापाशी चार आणि खंडोबापाशी एक. कुत्री मात्र शिवीत जाते. या लेखात तो शब्द पुष्कळदा येणार आहे, वाचकांनी सांभाळून घ्यावं.)

दुसऱ्याच आठवड्यात आम्ही एका डॉग ट्रेनरला घरी बोलावलं. त्याने पाऊण तास निरीक्षण करून निकाल दिला, ‘शी इज डॉमिनंट.’ म्हणजे राणी स्वतःला या घराच्या कळपाची प्रमुख समजते. उपाय असे: तिच्या आधी तुम्ही जेवा, दारातून तिच्या आधी तुम्ही बाहेर पडा, गुरगुरली की उताणी पाडून हलेनाशी होईपर्यंत दाबून धरा, आणि याच आठवड्यात तिचं ऑपरेशन करून टाका. गर्भाशय-अंडाशय गेले की माज उतरेल. (त्याचा शब्द अर्थातच वेगळा होता, पण मराठीत हाच.) नाव राणी ठेवलं, आता राणीसारखी वागते म्हणून तक्रार कशाला, असं सासूबाई म्हणाल्या खऱ्या, पण त्याही घाबरल्या होत्या.

जेवणाचा आणि दाराचा नियम पाळणं सोपं होतं. उताणी पाडण्याचा प्रयोग नवऱ्याने एकदाच केला. हाताला दोन टाके पडले. त्या रात्री मुलगा झोपल्यावर आम्ही स्वयंपाकघरात बसून बोलत होतो. तिला शेतावर परत पाठवायचं का? शेतकरी घेईल का? नाही घेतलं तर? यापुढचा शब्द आम्ही दोघांनीही उच्चारला नाही. मुलगा जिन्यावर बसून ऐकत होता, हे नंतर कळलं.

मी धंद्याने आयटीवाली. एखादी सिस्टिम वेड्यासारखी वागायला लागली की मी आधी विचारते, ही रिक्वायरमेंट मुळात आली कुठून? कुणी लिहिली, केव्हा, काय बघून? पुष्कळदा असं निघतं की वीस वर्षांपूर्वी कुणीतरी भलत्याच कारणासाठी एक ओळ लिहिली होती आणि तेव्हापासून सगळे ती भक्तिभावाने पाळताहेत. ‘डॉमिनंट’ या शब्दाचं मी तेच करायचं ठरवलं. वाचत गेले आणि कुत्र्यांपासून कोंबड्यांपर्यंत जाऊन पोहोचले!

कारण सुरुवात खरोखरच कोंबड्यांपासून आहे. श्येल्डरुप-एब्बे या नॉर्वेच्या माणसाने लहानपणापासून कोंबड्या पाळल्या, त्यांचं बारकाईने निरीक्षण केलं आणि १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला लिहिलं, की खुराड्यात कोण कोणाला टोचतं याची एक ठरलेली उतरंड असते. ही कल्पना शास्त्रज्ञांना भलतीच आवडली आणि मग ती जिथेतिथे शोधण्याची लाट आली. स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या प्राणिसंग्रहालयात रुडॉल्फ शेंकेल याने लांडग्यांचा अभ्यास केला आणि १९४७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात त्याने नर आणि मादी अशा दोन वेगळ्या शिड्या मांडल्या. प्रत्येक शिडीच्या टोकाला एकजण, आणि त्या जागेसाठी कायमची चुरस. म्हणजे ‘वर्चस्व गाजवणारी मादी’ ही कल्पना तिथे अगदी पहिल्यापासून होती.

आता हे लांडगे होते कसे? ठिकठिकाणहून आणलेले, एकमेकांशी नातं नसलेले, आणि साधारण दहा मीटर बाय वीस मीटरच्या कुंपणात कोंडलेले. कॉलेजच्या होस्टेलवर एका खोलीत आठ मुली कोंडून त्यांच्या भांडणांवरून ‘मराठी कुटुंबव्यवस्था’ असा प्रबंध लिहावा, त्यातला प्रकार! जंगलात लांडग्यांचा कळप असा बनतच नाही. पण हे ध्यानात यायला पन्नास वर्षं जावी लागली.

मधल्या काळात अमेरिकेतल्या डेव्हिड मेक या लांडग्यांच्या सर्वांत मोठ्या जाणकाराने १९७० मध्ये ‘द वुल्फ’ हे पुस्तक लिहिलं. त्यात शेंकेलच्या कामाच्या आधारे ‘आल्फा’ लांडगा आला आणि पुस्तकाबरोबर घरोघर गेला. १९७८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू स्कीट मठातल्या साधूंनी कुत्र्याच्या शिक्षणावर पुस्तक लिहिलं. कुत्र्याला उताणं पाडून दाबण्याची ‘आल्फा रोलओव्हर’ ही युक्ती त्यातूनच लोकप्रिय झाली. पुढे २००२ च्या आवृत्तीत त्यांनी ती मागे घेतली. पण २००४ पासून टीव्हीवर ‘डॉग व्हिस्परर’ सुरू झाला आणि कळपाचा प्रमुख कोण, हा प्रश्न जगभरच्या दिवाणखान्यांत पुन्हा जाऊन बसला. आमच्या नवऱ्याच्या हातावरचे दोन टाके हे असे बाझल ते न्यूयॉर्क ते वेलिंग्टन प्रवास करून आलेले आहेत.

मेकसाहेबांची गंमत अशी, की ते स्वतः गप्प बसले नाहीत. १९८६ पासून ते दर उन्हाळ्यात कॅनडाच्या अगदी उत्तरेला एल्समिअर बेटावर जाऊन रानातल्या लांडग्यांजवळ राहिले. तिथे त्यांना दिसलं ते साधं होतं. कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची एक-दोन वर्षांची पोरं. पोरं मोठी झाली की घर सोडतात आणि आपला संसार थाटतात. शिडी नाही, गादीसाठी लढाई नाही. १९९९ मध्ये त्यांनी शोधनिबंध लिहून सांगितलं की या प्राण्यांना ‘आल्फा’ म्हणणं म्हणजे आईबापांना आल्फा म्हणण्यासारखं आहे. नंतर स्वतःचंच खपणारं पुस्तक छापू नका म्हणून ते प्रकाशकाच्या मागे लागले. अखेर २०२२ मध्ये छपाई थांबली. आमच्या क्षेत्रात सदोष व्हर्जन परत बोलावतात तसंच हे, फक्त इथे जुनं व्हर्जन इतक्या मशिनांवर चढलेलं होतं की पॅच पोहोचेचना.

याचा अर्थ वर्चस्व ही चीजच नाही असा नव्हे. रोमच्या वेशीवरच्या भटक्या कुत्र्यांचा इटालियन संशोधकांनी अभ्यास केला आणि २०१० मध्ये प्रसिद्ध केला. त्यांना उतरंड सापडली, पण ती मुख्यतः वयाची होती, थोरल्यांना मान देण्याची. शिवाय त्या गटात एकाच वयाच्या नर-मादीत नराचं पारडं जड होतं. थोडक्यात, वर्चस्व हे दोघांमधल्या नात्यात असतं, एकट्या प्राण्याच्या स्वभावात नाही. आमची राणी शेजारच्या म्हाताऱ्या लॅब्रॅडॉरसमोर कान पाडून उभी राहते आणि समुद्रावरच्या तरुण कुत्र्यांचे चेंडू पळवते. मग ती डॉमिनंट की नाही? प्रश्नच चुकीचा आहे.

एक गोष्ट मात्र कुत्र्या पाळणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. एका घरात दोन कुत्री पाळल्यावर जी जीवघेणी भांडणं होतात, त्यांत दोघीही माद्या असण्याचं प्रमाण मोठं असतं, आणि ती भांडणं जास्त चिघळतात. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांचे १९९६ आणि २०११ चे अभ्यास हेच सांगतात. (आमच्या ऑफिसच्या मीटिंगमध्येही ‘डॉमिनेटिंग’ हे विशेषण मी पुरुषाला लावलेलं अजून ऐकलेलं नाही. त्याला ‘डिसिसिव्ह’ म्हणतात. असो.)

एवढं वाचून माझं समाधान झालं, पण पलंगाखालच्या सपातेचा उलगडा काही झाला नाही. तो झाला दवाखान्यात. ऑपरेशनची तारीख ठरवायला म्हणून मी राणीला घेऊन गेले. पशुवैद्य बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि ऑपरेशनबद्दल बोलायच्या आधी एकच प्रश्न विचारला, ‘शेवटची माजावर केव्हा आली होती?’ मला आठवेना. नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, थांब, कालनिर्णयवर असेल. आमचं कालनिर्णय दरवर्षी भारतातून येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून येतं, आणि दुधाच्या हिशोबाऐवजी आमचे सगळे टिपण त्यावर असतात. जुलैच्या पानावर, आषाढी एकादशीच्या दहा दिवस आधी, माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: ‘कार्पेटवाला.’ राणीने कार्पेटवर डाग पाडले म्हणून ते धुवायला माणूस बोलावला होता, तो दिवस. ७ जुलै. गौरीजेवण ११ सप्टेंबरला. बाईंनी बोटं मोजली आणि म्हणाल्या, ‘नऊ आठवडे. कुत्रीचे दिवस किती असतात?’

नऊ आठवडेच असतात! कुत्रीच्या शरीराची एक खोड आहे. बाईचं किंवा गाईचं शरीर गर्भ राहिला नाही हे लवकर ओळखतं. कुत्रीचं ओळखत नाही. माजानंतर गर्भ राहो न राहो, प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक सुमारे दोन महिने चढलेलं राहतं. मग ते उतरतं आणि दूध आणणारं प्रोलॅक्टिन चढतं. कित्येक कुत्र्यांना या काळात खरोखर व्याल्यासारखं होतं. त्या कोपरा शोधतात, चादरी उकरतात, आचळं भरतात, काहींना दूधसुद्धा येतं. आणि पिल्लू नसेल तर पिल्लू नेमतात, एखादं खेळणं, एखादा मोजा, एखादी लोकरी सपाता. मग त्या पिल्लाजवळ कुणी आलं तर काय होणार?

राणी आमच्या घराची प्रमुख होऊ बघत नव्हती. ती बाळंतीण होती, निदान तिच्या समजुतीप्रमाणे. आणि आम्ही त्या बाळंतिणीला उताणी पाडून दाबत होतो.

सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या सहज म्हणाल्या, ‘अगं, व्यालेल्या कुत्रीच्या वाऱ्याला उभं राहू नये, हे काय नवीन आहे?’ नवीन नाहीच. आपल्याकडे हे इतकं जुनं आहे की महाभारताच्या आदिपर्वात, जनमेजयाच्या गोष्टीच्या आरंभीच ते येतं. यज्ञाच्या जागी एक कुत्र्याचं पिल्लू येतं, जनमेजयाचे भाऊ त्याला काही अपराध नसताना मारतात, आणि ते रडत आईकडे जातं. ही आई म्हणजे सरमा, देवांची कुत्री. ऋग्वेदात पणींनी लपवलेल्या गाई शोधायला इंद्राने पाठवलेली तीच. सरमा थेट राजाच्या यज्ञात येऊन जाब विचारते, उत्तर मिळत नाही, तेव्हा शाप देते: ध्यानीमनी नसताना तुझ्यावर संकट येईल. राजा घाबरतो आणि शापाच्या निवारणासाठी पुरोहित शोधत हिंडतो. सरमेला कुणी डॉमिनंट म्हटलं नाही. तिचं पोर मारलं होतं, एवढंच व्यासांनी नोंदवलं.

आणि आता याला आकड्यांचाही आधार आहे, तोही भारतातला. जयपूरला ‘हेल्प इन सफरिंग’ या संस्थेने रस्त्यावरच्या कुत्र्यांची, विशेषतः माद्यांची, मोठ्या प्रमाणावर नसबंदी केली. तिथल्या सरकारी रुग्णालयातल्या कुत्रा चावल्याच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या आणि २०१३ मध्ये मांडल्या. चावे वर्षभर सारखे नसतात. कुत्र्यांच्या विणीचा हंगाम येतो, आणि त्यामागोमाग काही आठवड्यांनी चाव्यांची संख्या चढते, कारण आया पिल्लं राखत असतात. नसबंदी वाढत गेली तसे चावे कमी झाले. म्हणजे ऑपरेशनने चावे कमी होतात हे खरं, पण ते ‘स्वभाव उतरतो’ म्हणून नव्हे. राखायला पिल्लंच नसतात म्हणून.

इथे मला माझं गिरगाव आठवतं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी सात-आठ वर्षांची असेन. म्युनिसिपालटीची कुत्र्यांची गाडी वाडीच्या तोंडाशी आली की आम्ही मुलं ओरडत आत पळायचो आणि जमेल त्या कुत्र्याला जिन्याखाली दडवायचो. ते लोक लोखंडी चिमट्याने मान पकडायचे. पुढे त्यांचं काय होतं हे मोठी माणसं सांगत नसत. विजेचा धक्का देऊन मारतात, हे मला पुष्कळ नंतर कळलं. आमच्या वाडीत एक तांबडी कुत्री होती, ती दर सहा महिन्यांनी व्यायची. एकदा गाडीने तिला नेलं आणि पिल्लं जिन्याखाली राहिली. एवढंच आठवतं.

मला तेव्हा ठाऊक नव्हतं की याच मुंबईत या प्रश्नावरून दंगल होऊन गेलेली आहे. कंपनी सरकारच्या काळात भटकी कुत्री मारायची मोहीम दरवर्षी उन्हाळ्यात निघे आणि दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस असे. आठ आण्यांसाठी लोक पाळीव कुत्रीही घरात शिरून ओढून नेऊ लागले. ६ जून १८३२ रोजी, पारशांच्या एका पवित्र दिवशी, कोटात कुत्री मारणाऱ्या शिपायांवर पारशी जमाव तुटून पडला. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद झाली, हिंदू, जैन, इस्माइली व्यापारीही सामील झाले, पलटणीचं पाणी आणि पाव अडवले गेले. शेवटी लष्कर बोलवावं लागलं. पुढे सर जमशेटजी जीजीभाईंनी मध्यस्थी केली, कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडावीत असं ठरलं, आणि १८३४ मध्ये जमशेटजी व मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला मुंबई पांजरापोळ उभं राहिलं. आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. मी शेकडो वेळा त्यावरून गेले आहे.

पण कुत्री मारणं काही थांबलं नाही. पुढची दीडशेहून अधिक वर्षं ते चालू राहिलं, आणि कुत्री तेवढीच राहिली. याचं गणित सोपं आहे. मारून रिकाम्या झालेल्या गल्लीत शेजारची कुत्री येतात, आणि एकच मादी वर्षात दोनदा पिल्लं घालते. मद्रासच्या ‘ब्लू क्रॉस’ने १९६४ पासूनच सांगायला सुरुवात केली होती, की मारू नका, नसबंदी करा आणि त्याच गल्लीत परत सोडा. मुंबईत हे १९९४ मध्ये मानलं गेलं. मारणं बंद झालं आणि ‘वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज’सारख्या संस्था कामाला लागल्या. २००१ मध्ये त्याचे देशभर नियम झाले, २०२३ मध्ये नवे आले. कानाला खाच असलेला कुत्रा भारतात दिसला तर समजावं, याचं ऑपरेशन झालेलं आहे. यातही भर माद्यांवर, कारण दहा नरांची नसबंदी करून अकरावा सुटला तरी पुरतो. मुंबई महापालिकेच्या २०१४ च्या पाहणीत ९५,१७२ भटकी कुत्री मोजली गेली, २०२४ मध्ये ९०,७५७. शहर दहा वर्षांत किती फुगलं ते बघता ही घट लहान नाही, पण प्रश्न सुटला असंही कुणी म्हणणार नाही. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर झालेला वाद आपण सर्वांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाहिलाच. ऑगस्टमध्ये एका आदेशाने दिल्लीतली सगळी कुत्री निवाऱ्यात पाठवायची ठरली, अकरा दिवसांत तो आदेश बदलला, आणि नसबंदी व लसीकरण करून बहुतेक कुत्री आपल्या जागी परत सोडायची असं ठरलं.

आपण न्यूझीलंडमध्ये राहणारे लोक हे वाचून थोडं हसतो. इथे रस्त्यावर कुत्री नाहीत, सगळं शिस्तीत! पण ही शिस्त कशी आली तेही बघण्यासारखं आहे. माओरींचे पूर्वज आपल्याबरोबर ‘कुरी’ नावाची कुत्री घेऊन आले होते. युरोपियन कुत्री आल्यावर त्यांच्याशी संकर होत होत कुरी एकोणिसाव्या शतकात नाहीशी झाली. शेवटची समजली जाणारी दोन, एक मादी आणि तिचं पिल्लू, पेंढा भरून ते पापाच्या संग्रहात आहेत. १८८० मध्ये कुत्र्यांच्या नोंदणीचा कायदा झाला, आणि दर कुत्र्यामागे अडीच शिलिंगांचा कर ग्रामीण माओरींना इतका जाचक वाटला की १८९८ मध्ये होकियांगा भागात होने तोइया याच्या नेतृत्वाखाली त्यांनी बंदुका उचलल्या. सरकारने सैन्य पाठवलं, आणि खासदार होने हेके न्गापुआ यांनी मध्यस्थी केली म्हणून मोठा रक्तपात टळला. ‘डॉग टॅक्स वॉर’ म्हणतात त्याला. मुंबईची दंगल आणि ही, दोन्ही इंग्रजी राज्यात, दोन्ही कुत्र्यांवरून, पण मुळात परक्या सरकारने उंबरठ्याच्या आत यावं की नाही यावरून.

आजचा कायदा १९९६ चा. २००३ मध्ये ऑकलंडमध्ये एका लहान मुलीवर कुत्र्याचा भीषण हल्ला झाला, देश हादरला, आणि त्याच वर्षी कायदा कडक झाला. कौन्सिलने एखादं कुत्रं ‘डेंजरस’ ठरवलं तर महिन्याभरात त्याची नसबंदी सक्तीची आहे. ‘मेनसिंग’ ठरवलं तर कौन्सिल तसा हुकूम काढू शकते. नुसती नळी बांधून चालत नाही, कायद्याची व्याख्याच अशी की अवयव काढलेला असला पाहिजे. म्हणजे इथे ऑपरेशन हा थोडासा शिक्षेचा भाग झाला आहे. वाचताना मला आमच्या ट्रेनरचीच भाषा ऐकू आली. सरकारच्या बाजूनेही बोललं पाहिजे: हिंस्र कुत्र्याची वीण पुढे वाढू नये, हा हेतू रास्त आहे. पण त्याने तीच कुत्री शांत होईल असा समज कुणी करून घेऊ नये.

आणि शिस्तीचं म्हणाल, तर २०२४-२५ या एका वर्षात ऑकलंड कौन्सिलने दहा हजारांहून अधिक कुत्री पकडली आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त कुत्र्यांना इंजेक्शन देऊन मारलं. कोविडच्या काळात घेतलेली, ऑपरेशन राहून गेलेली, मग महागाईत परवडेनाशी झालेली कुत्री. मुंबईने १९९४ मध्ये जे थांबवलं ते इथे चालू आहे, फक्त रस्त्यावर चिमटा दिसत नाही. ऑकलंडमध्ये काही भागांत फुकट ऑपरेशनची मोहीम सुरू झाली ती यामुळेच.

म्हणून मी ऑपरेशनच्या बाजूची आहे. अगदी ठामपणे. पण आमच्या पशुवैद्य बाईंनी मला कारणं नीट लावून दिली, ती सांगते. पहिलं, नको असलेली पिल्लं. दुसरं, गर्भाशयात पू होणं. स्वीडनमध्ये निरोगी कुत्रीचं ऑपरेशन करण्याची प्रथा फारशी नव्हती, त्यामुळे तिथल्या विम्याच्या नोंदींवरून २००१ मध्ये समजलं की दहा वर्षांची होईपर्यंत साधारण चौघींतल्या एकीला हा आजार होतो, आणि तो जीव घेतो. तिसरं, स्तनांच्या गाठी. १९६९ च्या एका अमेरिकन अभ्यासाप्रमाणे, पहिल्या माजाआधी ऑपरेशन झालेल्या कुत्रीला धोका ऑपरेशन न झालेल्या कुत्रीच्या तुलनेत अर्धा टक्का, एका माजानंतर आठ टक्के, दोन किंवा अधिक माजांनंतर सव्वीस टक्के. २०१२ मध्ये जुने अभ्यास पुन्हा तपासले तेव्हा हा पुरावा वाटला होता तेवढा भक्कम नाही असं निघालं. शिवाय मोठ्या जातींत फार लवकर ऑपरेशन केलं तर सांध्यांचे विकार वाढतात, हे कॅलिफोर्नियातल्या बेंजामिन हार्ट यांच्या २०१३ पासूनच्या अभ्यासांनी दाखवलं आहे. आम्ही दोन वर्षं थांबलो होतो ते त्यामुळे, आणि थोडं आळसामुळेही.

स्वभावासाठी मात्र ऑपरेशन करू नका, असं त्या म्हणाल्या. नराची गोष्ट निराळी, त्याची संप्रेरकं बारा महिने चालू असतात. कुत्री वर्षातून दोनदा माजावर येते, मधल्या महिन्यांत उतरवायला माज असतोच कुठे? १९९० साली ओफॅरेल आणि पीची यांनी ऑपरेशन झालेल्या कुत्र्यांची न झालेल्यांशी तुलना केली, तेव्हा घरच्या माणसांवर गुरगुरण्याचं प्रमाण ऑपरेशननंतर उलट वाढलेलं दिसलं, विशेषतः वर्षाच्या आतल्या आणि आधीपासूनच गुरगुरणाऱ्या कुत्र्यांमध्ये. आणि राणीसारखी कुत्री ऐन खोट्या बाळंतपणात टेबलावर घेतली, तर प्रोजेस्टेरॉन एकदम खाली येतं, प्रोलॅक्टिन चढलेलंच राहतं, आणि ती अवस्था महिनोन्‌महिने रेंगाळू शकते. ट्रेनरचं ऐकून ‘याच आठवड्यात’ गेलो असतो तर नेमकं तेच झालं असतं. त्या कल्पनेने मला आजही घाम फुटतो.

बाईंनी प्रोलॅक्टिन कमी करणाऱ्या औषधाचा एक छोटा कोर्स दिला. सपाता हिसकावून घ्यायची नाही, पलंगापासून लांब चीजचा तुकडा टाकायचा, ती उठली की गुपचूप उचलायची. खेळणी महिनाभर माळ्यावर. मुलाला समजावलं की राणीला बाळ झाल्याचा भास झालाय. त्याने फार गंभीरपणे विचारलं, ‘मग सपाता परत कधी मागायची?’ ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी ती सपाता दारात पडलेली मिळाली, चावून चोथा झालेली. बाळंतपण संपलं होतं.

ऑपरेशन नोव्हेंबरच्या शेवटी झालं, माजानंतर साडेचार महिने उलटल्यावर. दहा दिवस गळ्यात प्लॅस्टिकचा शंकू, घरभर भिंतींना त्याचे ओरखडे. पुढच्या वर्षी कौन्सिलचा नोंदणीचा अर्ज आला तेव्हा ‘डीसेक्स्ड’च्या चौकोनात मुलाने स्वतः खूण केली.

राणी तीच आहे. समुद्रावर दुसऱ्यांचे चेंडू पळवते, शेजारच्या लॅब्रॅडॉरला वाट देते, आणि सोफ्यावरची उजव्या कोपऱ्याची जागा नवऱ्याला देत नाही. २०२५ च्या गणपतीत पुन्हा तितकीच माणसं आली होती. ती आरतीभर दाराशी झोपून होती, घंटेचा आवाज झाला की एक कान हलवायची. फक्त सपाता मुलाने आधीच कपाटात नेऊन ठेवल्या होत्या, वरच्या खणात.